लेझर करून चष्मा काढायचा? आधी बुबुळाची जाडी मोज, तारीख मग ठरव

विचारणारी मुलगी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची आहे. वय २३, बी.एस्सी. झालेली, उजव्या डोळ्याला मायनस साडेपाच आणि डाव्याला मायनस सहा नंबर. तिचं म्हणणं थोडक्यात असं की घरचे स्थळं पाहून राहिले, दोन ठिकाणी चष्म्यावरून बोलणं अडलं, आता आई म्हणते लग्नाच्या आधी लेझर करून टाक. गावात शिबिर झालं तिथं एक कागद भेटला, त्यावर "१५ मिनिटात चष्मा गायब" लिहिलं आहे, आणि तिकडं मैत्रीण सांगते की तिच्या चुलतभावाचे डोळे लेझरनं खराब झाले. तर खरं काय, करू का नको.

बेटा, मी २६ वर्षांपासून तालुक्याच्या गावात डोळ्याचा दवाखाना चालवतो. लेझरची मशीन माझ्याकडे नाही, ती नागपूर-अमरावतीसारख्या ठिकाणी राहते. मी इथं तपासतो, लायक वाटला तो पेशंट पुढं पाठवतो, आणि ऑपरेशन झाल्यावर बहुतेक जण फिरून माझ्याकडेच येतात, कारण दर वेळी नागपूरला जाणं परवडत नाही. म्हणून चांगलं झालेलं पण पाहिलं आणि बिघडलेलं पण पाहिलं. तुझ्या हातातला कागद आणि तुझी मैत्रीण, दोघांचं खरं असू शकते, कारण डोळे दोन वेगळ्या माणसांचे आहेत. तुझे डोळे कोणाच्या बाजूला पडतात हे तपासल्याशिवाय ना मी सांगू शकत ना तो शिबिरवाला. म्हणून सध्या "करते" पण म्हणू नको आणि "नाही करत" पण म्हणू नको, आधी तपासणी करून घे, आणि ती कशी करायची, त्यात काय पाहायचं हे मी सांगतो.

पहिले हे समजून घे की लेझर करते काय. लोक म्हणतात लेझरनं नंबर जळून जाते. नंबर काही जळत नाही. डोळ्याच्या पुढं जी पारदर्शक काच आहे तिला आपण बुबुळ म्हणतो, डॉक्टर कॉर्निया म्हणतात, नेत्रदानात काढून दुसऱ्याला बसवतात ती हीच. मायनस नंबरवाल्याचा डोळा लांबीला जास्त वाढलेला राहते. साधारण डोळा साडेतेवीस-चोवीस मिलीमीटर, तुझा बहुतेक पंचवीस-सव्वीसच्या घरात असेल, म्हणून दूरचं चित्र डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या अलीकडंच जमते आणि पडद्यावर धूसर पडते. मायनस सहाचा माणूस चष्म्याशिवाय १६-१७ सेंटीमीटरपर्यंतच साफ पाहू शकतो, म्हणजे एक वीत पण नाही. लेझर त्या काचेचा मधला भाग घासून चपटा करते, मग चित्र मागं सरकून बरोबर पडद्यावर बसते. बस एवढंच. डोळा आतून जेवढा लांब आहे तेवढाच राहते, ही गोष्ट ध्यानात ठेव, पुढं तिचं काम पडणार आहे.

ही जी लेझर आहे, एक्सायमर, ती १९३ नॅनोमीटरची अतिनील किरणं सोडते. त्या किरणांनी मांस भाजत नाही, रेणूंचे बंध तुटतात आणि एकेक बारीक थर उडून जाते. हे पहिल्यांदा १९८१ साली अमेरिकेत आयबीएम या कॉम्प्युटरच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्या तिघांच्या ध्यानात आलं त्यातले एक आपल्या भारतात जन्मलेले, रंगस्वामी श्रीनिवासन. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसाच्या तुकड्यावर लेझर मारून पाहिली तर एकदम साफ खाच पडली, आजूबाजूला जळाल्याची खूण नाही. तिथून पुढं ते डोळ्यापर्यंत आलं. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटला जळाल्यासारखा वास येते आणि तो घाबरते, म्हणून सांगून ठेवलं, तो वास त्या उडालेल्या थराचा आहे.

आता मुद्द्याचं. बुबुळाची जाडी मधोमध अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास राहते, म्हणजे एटीएम कार्डापेक्षाही पातळ. ती मायक्रॉनमध्ये मोजतात, एक मिलीमीटर म्हणजे १००० मायक्रॉन. परदेशी पुस्तकात सरासरी ५४० च्या जवळपास लिहिलेली असते. पण नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये तिशीच्या वरच्या साडेचार हजारापेक्षा जास्त लोकांचे डोळे तपासले गेले होते, सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी म्हणून, त्यात आपल्या लोकांची सरासरी ५१४ निघाली. म्हणजे आपल्या भागात काच मुळातच थोडी पातळ आहे, आणि पुस्तकातला हिशोब जशाचा तसा आपल्याला लावता येत नाही.

तुझ्यासाठी हिशोब करून दाखवतो, मी पेशंटला चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हेच लिहून देतो. समज तुझी जाडी ५२० निघाली. लेसिक नावाची जी लेझरची पद्धत आहे, तिच्यात आधी वरून एक पापुद्रा कापून दाराच्या पाल्यासारखा बाजूला करतात, त्याला फ्लॅप म्हणतात, तो धर ११०. मग साडेसहा मिलीमीटर रुंदीचा भाग घासायचा असेल तर एका नंबरमागं साधारण १४ मायक्रॉन जातात, सहा नंबरचे झाले ८४. ५२० मधून ११० गेले, ८४ गेले, खाली उरले ३२६. हे खाली उरलेलं जे आहे तेच आयुष्यभर डोळ्याचा दाब झेलते, फ्लॅप परत ठेवला तरी तो ताकद देत नाही. खाली निदान २५० तरी पाहिजेच असं पूर्वीपासून मानतात, आता बहुतेक डॉक्टर ३०० च्या खाली जात नाहीत, आणि मी पण ३०० च्या खाली असेल तर पेशंट पाठवत नाही. तर ५२० वाली मुलगी या हिशोबात बसते. आता तोच नंबर, तेच वय, पण जाडी ४९० असेल तर? ४९० वजा ११० वजा ८४, उरले २९६. नाही बसत. आणि जाडीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त भाग फ्लॅप आणि घासणं मिळून गेला तर धोका वाढते असाही एक नियम आहे, यात तो पण अगदी काठावर येते. म्हणजे दोन मैत्रिणी, दोघींना मायनस सहा, एकीचं मस्त होते आणि दुसरीला हात जोडून परत पाठवा लागते, फरक फक्त ३० मायक्रॉनचा. सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाचा बाक सगळीकडून सारखा नसला की जो लागते, तो असेल तर तो पण या हिशोबात धरायचा. आणि घासलेलं परत भरून येत नाही.

पण जाडी पुरते एवढ्यानं काम भागत नाही. जाडीपेक्षा मला बुबुळाच्या आकाराची जास्त काळजी राहते.

दोन-तीन वर्षांपूर्वी एक पोट्टा आला होता, १९ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करत होता. बाप सोबत, पैसे जमवून तयार, नागपूरची तारीख पण घेऊन ठेवलेली, माझ्याकडं फक्त नंबर लिहून घ्यायला आले होते. खुर्चीत बसल्या बसल्या त्या पोराचा हात डोळ्याला गेला, बोट दुमडून त्याच्या हाडानं असा गोल गोल जोर लावून चोळला डोळा, की मी हातातलं काम सोडून त्याच्याकडंच पाहत राहिलो. विचारलं किती दिवसापासून खाजते. बाप म्हणाला, "लहानपणापासूनच हाये साहेब त्याले, उन्हाळा लागला का चोळतच राह्यते." जुना चष्मा काढून पाहिला तर एका वर्षात सिलिंडर एकवरून तीनवर गेलेला. मी त्याला स्कॅनला पाठवलं. स्कॅनमध्ये बुबुळाचा नकाशा रंगात निघते, सपाट भाग निळा-हिरवा आणि उंच, ताणलेला भाग लाल. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या नकाशात मधल्या भागाच्या खाली लाल डाग होता, उजव्यात मोठा. याला केराटोकोनस म्हणतात, बुबुळ पातळ होऊन कोनासारखं पुढं यायला लागते. अशा डोळ्याला लेसिक करणं म्हणजे आधीच पोकळ झालेल्या भिंतीची एक वीट अजून काढणं. बाप माझ्यावर चिडला होता तेव्हा, मला त्याचं वाईट वाटलं नाही, पोराची भरती डोळ्यासमोरून जात होती. त्याच्या डोळ्याला क्रॉस-लिंकिंग करून घेतलं, म्हणजे व्हिटॅमिन बी-२ चे थेंब टाकून वरून अतिनील प्रकाश देतात, त्यानं बुबुळ कडक होते आणि आजार तिथंच थांबायला मदत होते. नंबर तसाच राहिला पण नजर वाचली.

आपल्याकडं हा आजार कमी नाही. मी वर सांगितलेल्या त्याच खेड्यांच्या अभ्यासात, फक्त बुबुळाचा बाक मोजून, शंभरात दोनपेक्षा जास्त लोकांत तो धरला गेला, २.३ टक्के. बाकी देशांतल्या आकड्यांसमोर हे जास्त आहे. ऊन, धूळ, लेकरांना होणारी डोळ्याची ॲलर्जी आणि ते चोळणं, मला तरी इथं हेच सगळं एकत्र दिसते. म्हणून तुला पहिला प्रश्न माझा हा की डोळे खाजतात का, चोळते का, आणि घरात आई-बाप, भाऊ-बहीण कोणाला हा त्रास आहे का. खरं सांगायचं, लाजायचं नाही.

तुझ्या मैत्रिणीच्या चुलतभावाचं काय झालं ते मला माहीत नाही, पण असा एक पेशंट माझ्याकडं आहे. बाहेर मोठ्या शहरात कोणत्यातरी ठिकाणी ऑफरमध्ये लेसिक केलं, सकाळी तपासणी आणि दुपारी ऑपरेशन. दीड-दोन वर्ष एकदम छान दिसलं, मग नंबर परत चढायला लागला, चष्मा लावून पण अक्षर दुहेरी दिसे. बुबुळ फुगत चाललं होतं. जुने कागद मागवले तर त्यात बुबुळाच्या पुढच्या भागाचा नकाशा होता, मागच्या भागाचा नव्हताच, आणि आजार सुरू होताना बरेचदा पहिला फरक मागच्या भागातच दिसते. आता त्याला कडक लेन्स घालून फिरावं लागते. म्हणून सांगतो, तपासणी आणि ऑपरेशन एकाच दिवशी करणाऱ्या जागी जाऊच नको. दोन्हीत दिवस जाऊ दे, कागद घरी आण, दुसऱ्या डॉक्टरला दाखव. कॉर्नियल टोपोग्राफी किंवा पेंटाकॅम म्हणून विचार, पुढचा-मागचा दोन्ही भाग दाखवणारं स्कॅन पाहिजे म्हणावं, आणि रंगीत प्रिंट मागून घे, पैसे आपण भरतो तर कागद आपला आहे.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर स्कॅनच्या आधी बंद करा लागते, मऊ लेन्स असेल तर एक-दोन आठवडे, कडक असेल तर तीन-चार. लेन्सनं बुबुळाचा आकार दबते आणि नकाशा खोटा निघते. बाकी ज्या गोष्टी पहिल्याच दिवशी सांगायच्या त्या अशा की पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, कारण त्यानं डोळे कोरडे पडतात आणि त्या बंद करून काही महिने थांबा लागते. संधिवात किंवा तसला अंगाचा आजार आहे का. शुगर आहे का. डोळ्यात कधी नागीण झाली होती का, किंवा काही लागून फूल पडलं होतं का. आपल्या भागात सिकलसेल पण आहे, तो असेल तर लपवू नको, त्याचा परिणाम डोळ्याच्या पडद्यावर होते.

पडद्याचं म्हणशील तर ही तपासणी लोक टाळतात, कारण बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की चार-पाच तास जवळचं दिसत नाही, उजेड सहन होत नाही, आणि गावची एसटी निघून जाते. तरी ती करायचीच. मायनस पाच-सहाच्या लांबलेल्या डोळ्यात पडदा ताणलेला राहते, कडेला पातळ जागा किंवा छिद्र राहू शकते, ते आधी सापडलं तर साध्या लेझरनं शिवून टाकता येते. आणि तुला वर म्हटलं होतं ना की डोळ्याची लांबी तेवढीच राहते, ते यासाठी. लेझर झाल्यावर लोकांना वाटते आता नंबर शून्य, आता डोळा नॉर्मल. नाही. पडदा सुटण्याचा धोका मायनस सहावाल्याचा जेवढा होता तेवढाच राहते. पुढं कधी पन्नासाव्या वर्षी पण डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखी झाली, अचानक काळे ठिपके वाढले, एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडं. आणि लेझरचे सगळे कागद जपून ठेव, म्हातारपणी मोतीबिंदूच्या वेळी आत कोणत्या पॉवरची लेन्स टाकायची याचं गणित त्यावरून सोपं होते.

आता कोणत्या पद्धतीनं. पाटीवर नावं पन्नास लिहितात पण मुळात तीन आहेत. लेसिकचं सांगितलं, फ्लॅप कापून खाली घासतात, दुसऱ्या दिवशी साफ दिसते, दुखत नाही जास्त. दुसरी पीआरके, यात फ्लॅप नाहीच, वरची नाजूक साल काढून सरळ वरूनच घासतात, मग पट्टीसारखी एक लेन्स ठेवतात, तीन ते पाच दिवस डोळा चांगलाच दुखते, पाणी येते, उजेड सहन होत नाही, आणि पूर्ण साफ दिसायला आठवडे, कधी महिना-दोन महिने. तिसरी स्माईल, आतच एक पातळ चकती कापून दोन ते चार मिलीमीटरच्या चिरेतून ओढून काढतात, फ्लॅप नाही, खर्च जास्त.

शहरातल्या ऑफिसात बसणाऱ्या पोरीला लेसिक काय आणि स्माईल काय, फार फरक पडत नाही असं माझं मत आहे. पण आपल्या माणसांचं वेगळं. फ्लॅप वरून चिकटते पण आधीसारखा कधीच जुळत नाही, जोराचा मार लागला तर वर्षांनी पण सरकू शकते. गोठ्यात बैलाची शेपटी डोळ्यावर बसते, तुरीच्या धांड्याचं टोक लागते, पोरं कबड्डी खेळतात, भरतीवाला पुढं ट्रेनिंगला जाणार आहे. अशाला मी फ्लॅपवाली पद्धत सुचवत नाही, पीआरके किंवा स्माईल सुचवतो, पाच दिवस दुखलं तरी चालते. तू शेतात जाते का, किती जाते, लग्न झाल्यावर जायचं आहे का, हे त्या डॉक्टरला आपणहून सांग, तिथं कोणी विचारत नाही.

भरतीवाल्या पोरांसाठी इथंच एक सांगून टाकतो कारण दर आठवड्याला कोणीतरी विचारते. सगळ्या नोकऱ्यांत लेझर चालत नाही. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटच्या जाहिरातीत सरळ लिहिलेलं राहते की लेसिक किंवा नंबर काढायचं दुसरं ऑपरेशन केलेला उमेदवार अपात्र. सैन्यात वेगवेगळ्या शाखेचे वेगवेगळे नियम आहेत, वय, ऑपरेशनला किती महिने झाले, बुबुळ किती उरलं हे सगळं पाहतात. ज्या पदासाठी करायचं त्याच जाहिरातीचा मेडिकलचा भाग आधी वाचायचा, मग पैसे भरायचे. उलटं करून बसलेले पोरं मी पाहिले, नजर सहा बाय सहा आणि हातात अपात्रतेचा कागद.

तुझं वय २३ आहे, ते बरोबर आहे. १८ च्या आधी करतच नाहीत, आणि मी तर २१ च्या खाली थोडं थांबायलाच सांगतो. पण वयापेक्षा नंबर थांबलेला पाहिजे, निदान एक वर्ष अर्ध्या नंबरपेक्षा जास्त हललेला नको. हलत असताना केलं तर एक-दोन वर्षात परत चष्मा लागते आणि मग लोक म्हणतात लेझर फेल गेलं.

चांगलं झालेल्यांबद्दल पण सांगतो, नाहीतर तुला वाटेल डॉक्टर घाबरवूनच राहिले. माझ्याच गावातली एक बाई आहे, पाच एकराची शेती, मायनस साडेचार होता. निंदायला वाकली की घामानं चष्मा नाकावरून घसरे, हात मातीचे, वर करायची सोय नाही, दोन वेळा चष्मा पिकाच्या सरीत पडून पायाखाली गेला. तिनं पीआरके केलं आणि सात वर्ष झाली, चष्मा नाही. ती मला म्हणते, "साहेब, आता मले वावरात खाली वाकाची भेव नाही वाटत." ज्याचा डोळा तपासणीत बसला त्याच्यासाठी हे ऑपरेशन खरोखर चांगलं आहे, बहुतेकांना बिना चष्म्याचं काम भागण्याइतकं साफ दिसते. जे चष्मा लावून दिसत होतं तेच बिना चष्म्याचं दिसते, त्यापेक्षा जास्त मागायचं नाही. लहानपणी चष्मा न लावल्यानं एक डोळा आळशी राहिला असेल तर लेझर त्याला जागं करत नाही, आणि ज्याला एकाच डोळ्यानं दिसते त्याच्या त्या डोळ्याला मी कधीच हात लावू देत नाही.

त्रास कोणते होतात तर मुख्य दोन, कोरडेपणा आणि रात्रीची चमक. बुबुळाच्या बारीक नसा कापल्या जातात म्हणून डोळ्याला पाणी सोडायचं कळत नाही, डोळा रखरख करते, सहा महिने ते वर्षभर थेंब टाका लागू शकतात. आणि आपला उन्हाळा कसा आहे तुला माहीत आहे, मे महिन्यात ४५ च्या वर पारा, दिवसभर कूलरची हवा तोंडावर, वरून चुलीचा धूर. ज्याचे डोळे आधीच कोरडे आहेत त्याला मी नाहीच म्हणतो. रात्रीची चमक म्हणजे समोरून ट्रॅक्टर आला तर त्याच्या लाईटभोवती वलय दिसते, किरणं फुटल्यासारखी दिसतात. अमेरिकेत एफडीए म्हणजे औषधं आणि मशीनवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं लेसिकच्या पेशंटना विचारून अभ्यास केला, त्यात आधी असला काही त्रास नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी एखादा तरी नवा त्रास सांगितला, पण रोजच्या कामात मोठी अडचण व्हावी असे एक टक्क्यापेक्षा कमी. दोन्ही आकडे सोबतच ऐकायचे, कागदवाला दुसराच सांगते आणि घाबरवणारा पहिलाच.

चाळिशीचं पण आताच सांगतो. तुझ्या आईला सुईत दोरा ओवायला चष्मा लागत असेल, तो तुला पण चाळिशीनंतर लागणारच, लेझर केलं तरी. उलट आज मायनसवाली बाई चष्मा काढून तांदळातले खडे निवडू शकते, लेझरनंतर ती सोय जाते. म्हणून ३८-४० च्या बाईनं विचारलं तर मी तिला ही गोष्ट दोनदा सांगतो. तुला अजून वेळ आहे.

लग्नाचं. इथं मला तुझ्या आईशी बोलायला आवडेल. मुहूर्त एप्रिल-मेमध्ये धरला आणि मार्चमध्ये लेझर केलं असं अजिबात करू नका. धुळवडीचे रंग, ऊन, हळद, होमाचा धूर, काजळ, रात्रीची जागरणं, सगळं ताज्या डोळ्यावर. करायचंच असेल तर सोयाबीनची मळणी आटोपल्यावर थंडी पडली की करा, डिसेंबर-जानेवारी, थ्रेशरची धूळ संपलेली राहते, ऊन नसते, आणि लग्नापर्यंत निदान तीन-चार महिने हातात मिळतात. तेवढा वेळ नसेल तर लग्न चष्म्यावर होऊ द्या. आणि लग्न झाल्या झाल्या दिवस गेले तर बाळंतपण आणि अंगावरचं दूध सुटेपर्यंत करता येत नाही, त्या काळात नंबर हलते आणि डोळे कोरडे राहतात, दूध सुटल्यावर पण दोन-तीन महिने जाऊ देतो. अजून एक, पाहुण्यांना वाटते चष्मा गेला म्हणजे लेकरांना लागणार नाही. लेझर फक्त काच घासते, रक्तातलं जे लेकरांना जायचं ते जातेच. तुला स्वतःला चष्म्याचा त्रास आहे म्हणून कर, मी पूर्ण सोबत आहे. समोरच्या घरच्यांना पाहिजे म्हणून करत असशील तर मला ते पटत नाही, डोळा तुझा आहे आणि पुढची पन्नास-साठ वर्ष तूच त्यातून पाहणार आहे.

पैशाचं सांगायचं तर दोन्ही डोळ्यांचे मिळून वीस-पंचवीस हजारापासून लाखाच्या वर जाते, पद्धत आणि मशीनप्रमाणे. विम्यात साडेसात नंबरच्या खालच्याला पैसे मिळत नाहीत, म्हणजे तुला मिळणार नाहीत. स्वस्त ऑफर असेल तर हे विचार की त्यात औषधं आणि नंतरच्या फेऱ्या धरल्या का. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं, तीन महिन्यांनी दाखवा लागते, पीआरकेत स्टेरॉइडचे थेंब महिने-दोन महिने चालतात आणि त्यानं डोळ्याचा दाब वाढू शकते, तो मोजत राहा लागते, आपल्या मनानं मेडिकलमधून बाटली आणून टाकत राहायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस नागपूरला नातेवाइकाकडं राहायची सोय करूनच जा. घरी आल्यावर आठवडाभर डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चोळायचं नाही, झोपताना डोळ्यावर ढाल लावायची, महिनाभर वावर, फवारणी, विहिरीत पोहणं बंद, गाडीवर दुपट्टा बांधला तरी वरून गॉगल पाहिजेच. डोळा एकदम दुखला, लाल झाला, नजर कमी झाली तर सकाळची वाट पाहायची नाही. शेतातल्या काडीकचऱ्यानं बुरशीचं इन्फेक्शन होते ते बुबुळ खाऊन टाकू शकते.

आणि स्कॅन पाहून डॉक्टर नाही म्हणाले तर? जाडी कमी आहे पण आकार चांगला आहे अशांसाठी आयसीएल म्हणून बारीक लेन्स डोळ्याच्या आत बसवतात, बुबुळ घासा लागत नाही, गरज पडली तर काढता पण येते, पण खर्च दीड-दोन लाखाच्या घरात जाऊ शकते आणि आत जागा पुरते का ते मोजा लागते. नाहीतर पातळ काचेचा चांगला चष्मा. रोजच्या लेन्स आपल्या गावात मी फार सुचवत नाही, मातीचे हात आणि टाकीचं पाणी याच्यासोबत त्या जमत नाहीत.

येत्या दिवाळीनंतर कधी पण माझ्याकडं किंवा तुला जवळ पडेल त्या डोळ्याच्या डॉक्टरकडं जा, सकाळी लवकर, कोणाला तरी सोबत घेऊन, कारण थेंब टाकल्यावर एकटीला परत जाता येणार नाही. नंबरच्या जुन्या चिठ्ठ्या असतील तर आण, नसतीलच बहुतेक, आपल्याकडं कोणी ठेवत नाही. मग घरातले जुने चष्मे शोध, पेटीत, देव्हाऱ्याच्या फळीवर, जिथं असतील तिथं. काडी तुटलेली असली, काचेवर ओरखडे असले तरी चालते, मशीनवर काच ठेवली की कोणत्या वर्षी किती नंबर होता ते निघते. फक्त कोणता चष्मा कधीचा ते आईला विचारून कागदावर लिहून आण.